ऊसतोडीला निघालेली पहिलटकरीण: मातृवंदनेचे हप्ते, बाळंतपण आणि लसी कशा जुळवायच्या?

माळरान:
पाटोदा तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरची एक पहिलटकरीण पुढच्या आठवड्यात टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला निघते आहे. वय २०. शेवटची पाळी १५ जूनची, म्हणजे आता सोळावा आठवडा. उपकेंद्रात नोंद झाली आहे, एक तपासणी झाली आहे, माता-बाल कार्ड हातात आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा (गरोदर बाईला सरकार पैसे देतं ती) फॉर्म मात्र अजून भरलेला नाही. "परत आल्यावर निवांत भरू" असं घरचे म्हणतात.

अडचणी अशा. आधारवर माहेरचं नाव आहे. खातं जनधनचं, माहेरच्या गावच्या बँकेतलं, दोन-तीन वर्षं त्यात काहीच उलाढाल नाही. रेशनकार्ड केशरी, सासऱ्याच्या नावावर, त्यात हिचं नाव अजून चढलेलं नाही. जात वंजारी. मुकादमाकडून (टोळीच्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आहेत, त्यामुळे जाणं टळणार नाही.

फॉर्म आता भरायचा की नंतर? तिकडे बाळंतपण झालं तर पैसे, जन्मदाखला, लसी हे सगळं कुठल्या गावच्या खात्यावर धरलं जातं? नेमकं माहीत असणाऱ्यांनी कृपया सांगावं. हातात सहा-सात दिवस आहेत.

सिस्टर_उपकेंद्र:
दादा, फॉर्म आताच भरा, निघण्याआधी. परत आल्यावर भरला तरी योजनेतून नाव जात नाही. बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांपर्यंत अर्ज घेतात. पण पहिल्या बाळाचे ५००० दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३००० चा आहे आणि त्याची अट एवढीच, की पाळी चुकल्यावर लवकर नोंद व्हावी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत एक तपासणी व्हावी. ती अट हिने आजच पुरी केली आहे. हे ३००० तिला गरोदरपणात, खाण्यापिण्याला हवेत. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर ते हातात पडून काय उपयोग? दुसरा हप्ता २००० चा, तो जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर.

आशाताईकडे किंवा अंगणवाडीताईकडे जा आणि पोर्टलवर फॉर्म समोर बसून भरून घ्या. कागद देऊन निघून येऊ नका. पाळीची तारीख कार्डावर जी आहे तीच फॉर्मवर. बायका तारीख सणावरून सांगतात, "वटपौर्णिमेच्या आसपास" अशी. मग कार्डावर एक, रजिस्टरला दुसरी आणि पोर्टलवर तिसरी पडते आणि अर्ज दुरुस्तीच्या रांगेत जाऊन बसतो. फॉर्म गेला की अर्जाचा नंबर कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून घ्या.

निघण्याआधी कार्ड पूर्ण भरलंय का ते बघा. १२ अंकी आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल नोंदीतला तिचा नंबर), पाळीची तारीख, प्रसूतीची अंदाजे तारीख (१५ जूनवरून ती २२ मार्च येते), वजन, बीपी, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी. यातलं काही राहिलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात एका सकाळीत होतं. रक्तगटाचा रकाना कोरा ठेवून पाठवू नका. निगेटिव्ह निघाला तर २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनचा विचार करावा लागतो, आणि तेव्हा फडावर (तोड चालू असलेल्या रानात) कोणी ही माहिती शोधत बसणार नाही.

धनुर्वाताची टीडी लस: पहिला डोस झाला असेल तर दुसरा चार आठवड्यांनी. तो तिकडे येईल, म्हणून पहिल्याची तारीख कार्डावर हवीच.

कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये आणि एक संच गावातल्या कोणाच्या तरी फोनमध्ये. कोपीत (टोळीच्या झोपडीत) पाणी शिरतं, कागद भिजतो. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, कपड्यांच्या गाठोड्यात नाही तर तिच्या स्वतःच्या पिशवीत.

जिरायत:
आधी आधारवरचं नाव सासरचं करून घ्या आणि नवऱ्याचं आधारही जोडा, नाहीतर फॉर्म उडतो. आमच्याकडे दोन-तीन अर्ज असेच परत आले होते.

सेतूवाला:
जिरायतदादा, हे जुन्या नियमाचं झालं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या मातृवंदनेत नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही. एकट्या, सोडलेल्या बायकांची अडवणूक होत होती, म्हणून ती अट गेली.

आणि नाव आत्ता बदलू नका. पोर्टल आधारवरचं नाव तपासतं. आधारवर माहेरचं नाव असेल तर फॉर्मवरही तेच, अक्षर न् अक्षर तसंच. आधारचं नाव आज बदलायला टाकलं तर फॉर्मवर जुनं, आधारला नवं, बँकेत तिसरंच, असा गुंता होतो. नावबदल बाळंतपण उरकल्यावर, दुसरा हप्ता जमा झाल्यावर करा. माता-बाल कार्डावर मात्र सासरचं नाव असेल तर सिस्टरकडून तिथे कंसात आधारवरचं नाव लिहून घ्या, म्हणजे दोघी एकच आहेत हे कळतं.

खरा घोळ खात्यात होईल. पैसे खाते नंबरावर पडत नाहीत, आधारला जे खातं मॅप आहे त्यावर पडतात. बँकेत "आधार लिंक आहे" असं सांगतात, पण त्याचा अर्थ कधी कधी नुसती केवायसी झाली एवढाच असतो. एनपीसीआय ही बँकांमधले पैसे फिरवणारी संस्था, डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे, आणि सीड म्हणजे त्यासाठी आधारला जोडलेलं. तुम्हाला विचारायचंय ते हे: "एनपीसीआयला हे खातं डीबीटीसाठी सीड आहे का?" स्वतः बघायचं तर मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस उघडा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव आणि सीडिंग चालू की बंद ते दिसतं. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात तो जोडून घ्या. नावाला हात लावू नका, फक्त मोबाइल.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते. एनपीसीआयच्या यादीत (मॅपरवर) बँक दिसते, पैसे जातात आणि उलटे फिरतात. उपाय दोन. एक, माहेरच्या शाखेत तिने स्वतः जाऊन पुन्हा केवायसी द्यावी आणि शंभर-दोनशे रुपये भरून-काढून खातं जागं करावं. दुसरा, तेवढा वेळ नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत आधारवर अंगठा देऊन नवं खातं, तिथेच डीबीटीची संमती. फायदा असा की कोल्हापूरकडेही कुठल्याही पोस्टमनकडून अंगठ्यावर पैसे निघतात. लक्षात ठेवा, शेवटी जे खातं सीड होतं तिकडेच पुढचे सगळे सरकारी पैसे वळतात. नंतर "जुन्या खात्यात आले नाहीत" म्हणून शोधाशोध होते, ती याचमुळे.

खातं तिच्या एकटीच्या नावचं लागतं, नवऱ्याबरोबरचं जोडखातं चालत नाही.

आता पात्रता. रेशनकार्डात नाव नाही, तर त्यामागे लागून आठवडा घालवू नका. ठरलेल्या कारणांपैकी कुठलंही एक पुरे: अनुसूचित जाती-जमाती, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, दारिद्र्यरेषेचं कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान भारत, ई-श्रम (असंघटित कामगारांचं कार्ड), रोजगार हमीचं जॉबकार्ड, किसान सन्मान निधी घेणारी शेतकरी बाई, किंवा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. हिच्यासाठी सगळ्यात सोपं ई-श्रम. आधार, मोबाइल आणि बँकेची माहिती घेऊन सेवा केंद्रात गेलं की त्याच बैठकीत कार्ड निघतं आणि ते तिच्या स्वतःच्या नावावर असतं. ऊसतोड हा असंघटित कामगारच आहे, व्यवसायाच्या रकान्यात तसंच लिहा.

अर्ज अडकलाच तर १४४०८ हा मातृवंदनेचा मदत क्रमांक आहे. अर्जाचा नंबर हाताशी ठेवून फोन करा.

पंचगंगाकाठ:
इकडच्या बाजूचं सांगतो. टोळी उतरली की दोन दिवसांत ज्या गावाच्या हद्दीत कोप्या पडल्या तिथल्या आशाताईला कार्ड दाखवायचं. नव्याने नोंद करायची गरज नाही. आरसीएच नंबर तोच राहतो, त्यावर पुढच्या तपासण्या चढतात. नवी नोंद केली तर एकाच बाईचे दोन नंबर होतात आणि मातृवंदनेच्या दुसऱ्या हप्त्याला तेच नडतं. आशाताई म्हणाली "नवीन कार्ड देते", तर जुनं पुढे करा.

अंगणवाडीचा आहारही बंद होऊ देऊ नका. गावच्या अंगणवाडीताईला सांगून निघा, म्हणजे पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदीच्या अॅपवर) ती स्थलांतरित म्हणून पुढे धाडता येते आणि इकडच्या अंगणवाडीत नाव घेतात. घरी न्यायचा तो आहार गरोदर आणि स्तनदा बाईला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत या हिशोबाचा असतो. बाई दिवसभर फडात वाकून असते, तिला तो सगळ्यात जास्त लागतो.

तपासणीला ९ तारीख धरा. दर महिन्याच्या ९ ला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून फुकट तपासणी होते. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. मुकादमाला आधीच सांगून ठेवा की ९ तारखेला हा कोयता (नवरा-बायकोची जोडी) अर्धा दिवस बंद. "जमेल तेव्हा जाऊ" म्हटलं की मार्च उजाडतो. तारखा काढून देतो: चोविसावा आठवडा ३० नोव्हेंबरला भरतो, म्हणून ९ डिसेंबरला साखरेची तपासणी (७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात). अठ्ठाविसावा २८ डिसेंबरला, म्हणून ९ जानेवारी चुकवायची नाही. छत्तिसावा २२ फेब्रुवारीला. ९ मार्चच्या तपासणीत बाळंतपण कुठे हे नक्की ठरवून, लिहून घ्यायचं. कार्डावर लाल स्टिकर लागला तर ती जोखमीची माता. मग प्राथमिक केंद्र नाही, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. तो रेशनकार्ड, जात, जिल्हा काही बघत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण (साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियनला सात), घरून नेणं, पुढे पाठवलं तर तिकडे नेणं आणि घरी सोडणं, सगळं फुकट. आजारी बाळाचा वर्षभरापर्यंतचा उपचारही. "तुम्ही बाहेरच्या जिल्ह्यातल्या" हे कारण कुणी दिलं तर ते चुकीचं आहे. वैद्यकीय अधीक्षकाला भेटा, किंवा १०४ ला फोन करून तक्रार नोंदवा.

गाडीसाठी १०२, जीवावर बेतलं तर १०८. पण फोनवर जागा सांगता येत नाही, हीच फडावरची मोठी अडचण. फड रोज बदलतो, कोपीला पत्ता नसतो, ऊस उंच असतो, रात्री दिवा दिसत नाही. म्हणून कारखान्याच्या चिटबॉयचा (तोडीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या माणसाचा) नंबर नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या फोनमध्ये हवाच. कुठल्या गटाला, कुठल्या शेतकऱ्याच्या रानाला तोड चालू आहे आणि ट्रॅक्टर कुठवर येतो, हे त्याला तोंडपाठ असतं. रात्री कळा सुरू झाल्या तर बाईला ट्रॅक्टर जिथवर येतो त्या तोंडावर आणून बसवायचं आणि गाडीला तिथलं नाव सांगायचं. डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी, अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, झटके, यात सकाळची वाट बघायची नाही.

जननी सुरक्षा या वेगळ्या योजनेच्या (बाळंतपणाला मिळणाऱ्या) पैशांबद्दल: महाराष्ट्रात ते दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना, ग्रामीण भागात ७००, शहरात ६००. वंजारी समाज भटक्या जमातीत येतो, अनुसूचितमध्ये नाही. म्हणून जातीवर ते मिळणार नाहीत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तरच. या रकमेसाठी दवाखान्याशी वाद घालत बसू नका, जन्मदाखल्याकडे लक्ष द्या. तो खरा महत्त्वाचा.

जन्मनोंद जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, मूळ गावात नाही. २१ दिवसांच्या आत नोंद बिनशुल्क. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंद दवाखानाच करतो. दाखला हातात घेतल्याशिवाय सुट्टी घेऊ नका. टोळी मार्चअखेर गाडीत बसते आणि मग एका कागदासाठी बीडहून कोल्हापूर. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी चालतं, नावाविना दाखला निघतो आणि वर्षाच्या आत नाव बिनशुल्क घालता येतं. आईचं नाव मात्र आधारप्रमाणे लिहिलंय का ते दवाखान्याच्या खिडकीवरच वाचून घ्या.

माळरान:
फार मोठं काम केलंत सगळ्यांनी. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. कार्डावर हिमोग्लोबिन ८.९ आहे. गोळ्या दिल्यात, पण मळमळ होते म्हणून खात नाही. आणि तिची जाऊही त्याच टोळीत आहे, दुसऱ्या खेपेची, तिसरा महिना. पहिला मुलगा. तिला काही मिळतं का?

सिस्टर_उपकेंद्र:
८.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय (७ ते ९.९). हिला दिवसाला एक नाही, लोहाच्या दोन गोळ्या लागतात. म्हणजे दोन महिन्यांना १२० गोळ्या. साठ देऊन पाठवतील, तुम्ही मोजून १२० मागा. आता चौथा महिना चालू आहे, तर जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी राहिली असेल तर ती समोर घ्यायला लावा. जंत तसेच राहिले तर लोह खाऊनही आकडा हलत नाही.

मळमळीचं कारण बहुतेक रिकामं पोट. टोळी पहाटे चारला चहा घेऊन फडात जाते, गोळी त्याच चहाबरोबर जाते. चहाने लोह अंगी लागत नाही, आणि रिकाम्या पोटी पोट ढवळतं. हिच्यासाठी असं बसवा: कॅल्शियमच्या दोन गोळ्या, एक सकाळच्या न्याहारीला भाकरीबरोबर, एक संध्याकाळच्या जेवणात. लोहाची एक गोळी दुपारी फडात जेवण झाल्यावर तासाभराने, दुसरी रात्री झोपताना, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर हवं, एकत्र घेतलं तर लोह वाया जातं. शौचाला काळं होतं, ते गोळीमुळे. घाबरून बंद करतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. गोळ्या पट्टीतून काढून कागदात बांधू नका, ओल लागून खराब होतात.

९ नोव्हेंबरला पुन्हा हिमोग्लोबिन. महिन्यात निदान १ ग्रॅम वाढलं नसेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, त्यासाठी ग्रामीण रुग्णालय गाठा. ७ च्या खाली गेलं तर कामावर पाठवायचंच नाही. आणि खरं सांगायचं तर ८.९ वरही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं हिने करू नये. कोयत्यात तिची बाजू कोणी भरून काढायची हे मुकादमाशी निघण्याआधीच बोलून घ्या, फडात गेल्यावर तो ऐकणार नाही.

जाऊबाईंचं: दुसरं अपत्य मुलगी झाली तर मातृवंदनेचे ६००० एकरकमी मिळतात. पहिला मुलगा की मुलगी याने फरक पडत नाही. मुलगा झाला तर नाही. पण गरोदरपणातच नोंद झालेली असली पाहिजे, म्हणून तिलाही याच आठवड्यात उपकेंद्रात आणा. पैसे जन्मनोंद आणि लसींनंतर. मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा जन्माचा ५००० चा हप्ता वेगळा. तो १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना, अर्ज अंगणवाडीत. त्यासाठी रेशनकार्डात नाव लागेल, ते काम पावसाळ्यात उरकून ठेवा.

लसीचा_डबा:
दुसऱ्या हप्त्याचं गणित लसींवर आहे म्हणून तेवढंच लिहितो.

जन्मतः कावीळ बी (२४ तासांच्या आत), पोलिओ आणि बीसीजी. बीसीजी बऱ्याच वेळा राहते, कारण कुपी एकदा फोडली की चार तासांनी फेकावी लागते, म्हणून लहान दवाखान्यात ती सत्राच्या दिवशीच उघडतात. सुट्टीच्या कागदावर "बीसीजी बाकी" असं असेल तर त्या आठवड्याचं सत्र कुठे आहे ते विचारूनच निघा. वर्षभरापर्यंत देता येते, पण हप्ता तोवर थांबतो.

नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिने. बाळ २२ मार्चला झालं असं धरलं तर ३ मे, ३१ मे, २८ जून. तिन्हींना पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), पोलिओचे थेंब, रोटा (जुलाबाची लस). पहिल्या आणि तिसऱ्याला पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्ही. तोवर टोळी गावी आलेली असते, तेव्हा हे आपल्याच उपकेंद्रात होईल. गावी उतरल्या दिवशी आशाताईला कळवा. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघणं हे आशाताईंचं काम आहे. पहिल्या दोन-तीन भेटी तिकडच्या ताईंच्या, उरलेल्या इकडच्या, आणि मधल्या प्रवासात नेमकी भेट गळते. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर ती गळू देऊ नका. दूध ओढत नाही, अंग गार लागतं, छाती आत ओढली जाते, यातलं काही दिसलं तर सरळ दवाखाना.

लस उशिरा झाली तर पहिल्यापासून सुरू करायची नसते. ३ मे ची २० मे ला झाली, तर पुढची चार आठवड्यांनी, १७ जूनला, आणि तिसरी १५ जुलैला. ताप आला म्हणून पुढचा डोस टाळायचा नाही. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर सिस्टर सांगतील.

प्रत्येक लसीची तारीख कार्डावर आणि यू-विनवर (लसींच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दोन्हीकडे चढली का ते तिथेच बघा. तिसरा डोस झाला त्याच दिवशी जन्मदाखला आणि कार्ड घेऊन आशाताईकडून दुसऱ्या हप्त्याचा अर्ज भरा. २७० दिवस १७ डिसेंबरला संपतात, त्यामुळे कागदावर वेळ भरपूर दिसतो. पण टोळी ऑक्टोबरात पुन्हा बाहेर पडते. म्हणून जुलै-ऑगस्ट हीच खरी मुदत धरा, म्हणजे अर्ज दुरुस्तीला परत आला तरी बाई गावात असेल आणि अंगठा द्यायला हाताशी असेल.

सेतूवाला:
एक राहिलं. जाऊबाईंना लाडक्या बहिणीचे १५०० येत असतील तर ते कुठल्या खात्यात पडतात ते बघा. त्यांचं आधार त्याच खात्याला सीड आहे आणि ते खातं जिवंत आहे, हे त्यावरून कळतं. त्यांच्यासाठी नवं खातं काढू नका. पहिलटकरीण २० ची आहे, तिला ती योजना २१ पूर्ण झाल्याशिवाय लागू नाही, म्हणून तिच्या खात्याची खात्री मायआधारवरूनच करा.